कंजूषाच्या यादीतून संगणक

जर्मनीत सुटे भाग घेऊन घरीच संगणक जुळवायचा ठरवलं, की पहिली गाठ पडते 'गाइट्सहाल्स'शी. या शब्दाचा अर्थ चक्क 'कंजूष'. भाव ताडून पाहण्याचं हे संकेतस्थळ मूळचं व्हिएन्नाचं. प्रोसेसरचं नाव टाकलं, की कुठल्या दुकानात तो कितीला आहे ते दिसतं, आणि भाव कसा चढला-उतरला त्याचा आलेखही. नेदरलँड्समध्ये हेच काम 'ट्वीकर्स' करतं. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर घासाघीस शिकलेल्या माझ्यासारख्याला आधी चुकल्यासारखं झालं, कारण इथे दुकानदाराशी बोलणंच नाही. आलेख बघायचा आणि थांबायचं, एवढीच घासाघीस.

खोडलेल्या आकड्यांना मात्र भुलू नका. 2022 च्या मे महिन्यापासून युरोपीय महासंघात सवलत जाहीर करणाऱ्या दुकानाला आधीच्या 30 दिवसांतला सर्वांत कमी भाव सांगावा लागतो. पण जर्मनीत खोडलेल्या आकड्याशेजारी पुष्कळदा 'यूव्हीपी' लिहिलेलं असतं. ती उत्पादकाने सुचवलेली किंमत. त्या भावाने ती वस्तू कोणी कधी विकली असेलच असं नाही.

दाखवलेली किंमत करासकट असते. जर्मनीत कर 19 टक्के, नेदरलँड्समध्ये 21, हंगेरीत 27. मग कमी कराच्या देशातून मागवावं का? तो मार्ग 1 जुलै 2021 पासून बंद आहे. सीमेपलीकडे माल पाठवणारी मोठी दुकानं ग्राहकाच्या देशाचा कर लावतात. ब्रिटन किंवा चीनमधून आलेल्या पार्सलवरही पहिल्या युरोपासून कर बसतो, वर कुरिअरवाला आपली हाताळणी फी मागतो. स्वस्त वाटलेली रॅम दारात येईपर्यंत महाग झालेली असते.

सुरुवात रॅमपासूनच करा. एएमडीच्या नव्या एएम5 मदरबोर्डांवर फक्त डीडीआर5 बसते, आणि 2025 च्या अखेरीस रॅमचे भाव भडकले. आधी रॅमचा भाव पाहायचा आणि मग मदरबोर्ड ठरवायचा, असा माझा क्रम आहे. घरात जुनी डीडीआर4 पडलेली असेल, तर जुन्या एएम4 बोर्डावर सहा कोअरचा रायझन 5 5600 अजूनही घरच्या कामांना आणि बऱ्याच खेळांना पुरतो. प्रोसेसर 'ट्रे' प्रकारचा असेल तर तो खोक्याविना, कूलरविना येतो. चार युरो वाचतात, पण उत्पादकाची हमी सहसा मिळत नाही.

खरी बचत कायद्यात आहे. ऑनलाइन घेतलेली वस्तू मिळाल्यापासून 14 दिवसांत कारण न देता परत करता येते. परतीचा टपालखर्च मात्र बहुधा आपला. एकाच मागणीतले भाग वेगवेगळ्या दिवशी आले, तर मुदत शेवटच्या भागापासून मोजतात. पण पाच दुकानांतून पाच भाग मागवले, की प्रत्येकाचं घड्याळ वेगळं. मी इथेच फसलो. ग्राफिक्स कार्ड स्वस्त होण्याची वाट पाहत मदरबोर्ड तीन आठवडे बंद खोक्यात ठेवला. जोडला तेव्हा रॅमचा एक स्लॉट मेलेला निघाला, आणि 14 दिवस केव्हाच उलटले होते. विक्रेत्यावर दोन वर्षांची कायदेशीर जबाबदारी असते. पहिल्या वर्षात दिसलेला दोष मुळातलाच धरला जातो, तसं नसेल तर ते दुकानाने सिद्ध करायचं. त्यामुळे बोर्ड बदलून मिळाला, पण त्यात दीड महिना गेला. म्हणून सगळे भाग एकाच आठवड्यात मागवा आणि आले की लगेच जोडून चालवून बघा.

कॅबिनेट आणि पंखे जुने घेतले तरी चालतात. एसएमपीएस नवाच घ्या. 'क्लाइनआनत्साइगेन' या जुन्या वस्तूंच्या संकेतस्थळावर घरगुती विक्रेते बहुतेक वेळा 'हमी नाही' असं लिहूनच विकतात आणि त्यांना तशी मुभा आहे. तेव्हा ग्राफिक्स कार्ड त्यांच्या घरी चालताना पाहूनच पैसे द्या. कंपन्यांनी काढून टाकलेले ऑप्टिप्लेक्स, थिंकसेंटर असे तयार संगणकही स्वस्तात मिळतात. 14 ऑक्टोबर 2025 ला विंडोज 10 चा आधार संपल्यावर तर आणखीच. लिनक्ससाठी ते उत्तम. पण त्यांचे एसएमपीएस आणि बोर्ड अनेकदा कंपनीच्या खास मापाचे असतात, पुढे भाग बदलायचे म्हटलं तर अडतं.

गाइट्सहाल्सच्या यादीत सगळ्यांत वर भलताच कमी भाव दिसला, तर आधी त्या दुकानाचं 'इम्प्रेसुम' उघडा. मालकाचं नाव आणि पत्ता देणारं हे पान जर्मनीत कायद्याने सक्तीचं आहे. ते नसेल आणि पैसेही फक्त आगाऊ, थेट बँकेत भरा म्हणत असतील, तर तिथून काहीही मागवू नका.