गाडी सरळ झाली, वजनाचं काय?

अमेरिकेत पिकअपला घोड्यांचा किंवा मुक्कामाचा ट्रेलर जोडला की गाडी मागून बसते, नाक वर जातं आणि हेडलाइट समोरच्याच्या डोळ्यांत घुसतात. मग मालक मागच्या एक्सलवर हवेचे फुगे बसवतो. हवा भरली की गाडी सरळ, आणि मालकाचा समज असा की आता ती जास्त वजन पेलेल.

पेलणार नाही. एक्सल, बेअरिंग, टायर, ब्रेक सगळं जुनंच आहे. कंपनीने ठरवलेली वजनाची मर्यादा फुग्यांमुळे किलोभरही वाढत नाही. खोक्यावर छापलेले 5000 पौंड ही फुग्यांची क्षमता असते, गाडीची नव्हे.

याहून चिवट गैरसमज म्हणजे गाडी सरळ दिसली की पुढच्या चाकांवरचं वजनही परत येतं. ट्रेलरच्या वजनापैकी साधारण 10 ते 15 टक्के भार हिचवर, म्हणजे ट्रेलर जोडायच्या सांध्यावर येतो. समजा, दोन एक्सलांत साडेतीन मीटर अंतर आहे, हिच मागच्या एक्सलच्या 1.2 मीटर मागे आहे आणि तिच्यावर 300 किलो भार आहे. तरफेच्या हिशोबाने मागच्या एक्सलवर सुमारे 403 किलो वाढतात. वरचे 103 पुढच्या चाकांवरून उचललेले! स्टिअरिंगची आणि पुढच्या ब्रेकची पकड तेवढी कमी होते. फुगे उंची बदलतात, तरफेचा हा हिशोब बदलत नाहीत. भार पुढे सरकवायला वेट डिस्ट्रिब्युशन हिचच लागते.

मागच्या स्प्रिंगचे पाटे काढून नुसते फुगे लावू, असंही काहींना वाटतं. पण पाटे वजन झेलतात तसे एक्सललाही जागेवर धरतात. फुग्याला ते जमत नाही. 2014 च्या रॅम पिकअपमध्ये हा फरक स्पष्ट दिसतो. 2500 या मॉडेलमध्ये एक्सल धरायला पाच दांड्या होत्या, म्हणून कॉइल स्प्रिंगच्या जागी थेट फुगे देता आले. जास्त ओझ्याच्या 3500 मध्ये पाटे ठेवून फुगे जोडीला दिले.

हवा म्हणजे मऊपणा, हेही अर्धंच खरं. हवेच्या फुग्यांवर चालणाऱ्या शिवनेरी बसमध्ये बसणाऱ्याला ते पटणार नाही, पण कमी आकारमानाचा, जास्त दाबाचा फुगा चांगलाच ताठ असतो. जोडीला हवेची टाकी दिली तर तो नरमतो.

दोन्ही फुगे एकाच नळीने जोडणं स्वस्त पडतं खरं, पण वळणावर बाहेरच्या फुग्यातली हवा आतल्यात जाते आणि गाडी आणखी कलते. नळ्या वेगळ्याच हव्यात. ट्रेलर सोडल्यावरही हवा पूर्ण काढायची नसते. साधारण पाच पीएसआय ठेवली नाही तर रबराच्या घड्या घासून फुगा फाटतो.