सायकल शर्यतीतील गट : नवोदितांनी सुरुवात कोठून करावी?

पहिल्या सायकल शर्यतीचा अर्ज भरताना नवोदित स्पर्धक बहुधा ‘गट’ या रकान्यापाशी अडखळतो. या प्रश्नाचे उत्तर सर्व देशांत सारखे नाही. ब्रिटनमध्ये हौशी प्रौढ स्पर्धकाचा गट त्याच्या कामगिरीवरून ठरतो, तर भारतात अधिकृत स्पर्धांमध्ये तो प्रामुख्याने वयावरून ठरतो.

‘ब्रिटिश सायकलिंग’ या तेथील राष्ट्रीय संघटनेच्या पद्धतीत पाच पायऱ्या आहेत : चौथी, तिसरी, दुसरी व पहिली श्रेणी आणि त्यावर एलिट. नवा स्पर्धक चौथ्या श्रेणीतून सुरुवात करतो. शर्यतीत वरचे क्रमांक मिळाले की गुण मिळतात. एका हंगामात 12 गुण झाले की तिसरी श्रेणी, तेथून दुसऱ्या श्रेणीसाठी 40, पुढे पहिल्या श्रेणीसाठी 200 आणि एलिटसाठी 300 गुण लागतात. पहिली पायरी लहान आणि पुढच्या चढत्या क्रमाने उंच आहेत. एकदा तिसऱ्या श्रेणीत गेलेला स्पर्धक पुन्हा चौथ्या श्रेणीत येत नाही. त्यामुळे मुरलेल्या सायकलपटूने नवख्यांमध्ये उतरून सोपी बक्षिसे पटकावण्याची वाट बंद होते. दुसऱ्या आणि पहिल्या श्रेणीतील स्पर्धकांना मात्र स्थान टिकवण्यासाठीही दरवर्षी ठरावीक गुण मिळवावे लागतात. शर्यतीच्या माहितीपत्रकात ‘3/4’ असे लिहिले असल्यास ती तिसऱ्या व चौथ्या श्रेणीची एकत्रित शर्यत समजावी.

या विभागणीमागे केवळ न्यायाचा विचार नाही. रस्त्यावरील शर्यतीत पुढच्या सायकलच्या आडोशाने वाऱ्याचा विरोध कमी होतो, म्हणून स्पर्धक एकमेकांच्या चाकाला चाक भिडवून झुंडीने जातात. अशा झुंडीत वळणावर रेषा न सोडणे आणि विनाकारण ब्रेक न दाबणे हे सरावानेच येते. पायांत बळ आहे, पण झुंडीची सवय नाही, असा स्पर्धक स्वतःबरोबर मागच्या दहा जणांनाही पाडू शकतो. एकट्याने केलेल्या दीर्घ सफरींचा अनुभव येथे फारसा उपयोगी पडत नाही.

भारतात अधिकृत स्पर्धांचे मुख्य गट आंतरराष्ट्रीय सायकलिंग संघटनेच्या वयोगटांशी जुळणारे आहेत. 17-18 वर्षे ज्युनिअर, 19 ते 22 वर्षे ‘23 वर्षांखालील’ आणि त्यापुढे एलिट. येथे पालकांची हमखास फसगत होते, कारण वय वाढदिवसावरून मोजले जात नाही. स्पर्धेच्या वर्षातून जन्मवर्ष वजा केले जाते. 31 डिसेंबर 2007 रोजी जन्मलेला मुलगा 2026 मध्ये जवळजवळ वर्षभर अठरा वर्षांचाच असतो, तरी नियमानुसार तो 19 वर्षांचा ठरून ज्युनिअर गटातून बाहेर पडतो. त्याच्यापेक्षा एका दिवसाने लहान, 1 जानेवारी 2008 चा मुलगा मात्र आणखी एक वर्ष ज्युनिअर राहतो. निवड चाचणीच्या दृष्टीने हे एक वर्ष फार मोलाचे असते.

स्पर्धकाचा गट आणि स्पर्धेचा दर्जा यांतही गल्लत होते. जानेवारी 2026 मधील पुणे ग्रँड टूरसंदर्भात वाचनात आलेला ‘2.2’ हा आकडा स्पर्धकांची श्रेणी दाखवत नाही. त्यातील पहिला 2 म्हणजे अनेक दिवसांची स्पर्धा आणि दुसरा 2 म्हणजे तिचा वर्ग. एकदिवसीय स्पर्धेचा आकडा 1 ने सुरू होतो.

स्थानिक पातळीवरील खुल्या शर्यतींत आयोजक आपापले गट ठरवतात. कोठे वयानुसार, तर कोठे रोड बाइक, हायब्रिड आणि एमटीबी अशा सायकलच्या प्रकारानुसार. अरुंद टायरच्या रोड बाइकसमोर जाड टायरची एमटीबी सपाट रस्त्यावर टिकणे कठीण असते. म्हणून अर्ज करण्यापूर्वी माहितीपत्रकातील सायकलविषयक अट आणि वय मोजण्याची तारीख या दोन ओळी वाचाव्यात. शंका असल्यास आयोजकांना शुल्क भरण्याआधीच विचारावे.