तापमान वाढले की झाडाचे अन्न वाढते का?



नववी-दहावीच्या प्रात्यक्षिकाच्या वह्या चाळताना एक निष्कर्ष बऱ्याच ठिकाणी दिसला : ‘तापमान वाढले की प्रकाशसंश्लेषणाचा वेग वाढतो.’ हे वाक्य अर्धेच खरे आहे. परीक्षेत त्याला अर्धे गुण तरी मिळतील, शेतात मात्र ते महागात पडते.

प्रयोग आपल्या ओळखीचाच आहे. हायड्रिला ही पाणवनस्पती नरसाळ्याखाली ठेवायची, वर पाण्याने भरलेली परीक्षानळी उपडी घालायची आणि ऑक्सिजनचे बुडबुडे मोजायचे. काहींनी ५० अंश सेल्सिअसला सर्वांत जास्त बुडबुडे मोजले. ते खोटे लिहिले आहे असे मी मुळीच म्हणत नाही. पण पाणी तापवले की त्यात विरघळलेली हवा बाहेर पडते. तिचेही बुडबुडेच दिसतात. वनस्पती न घालता तसेच दुसरे पात्र तापवून पाहा, म्हणजे लक्षात येईल. आणखी एक गोष्ट. बल्ब जवळ आणला की प्रकाशाबरोबर उष्णताही वाढते. मग परिणाम कशाचा, हे कसे ठरवणार? यासाठी बल्ब आणि पात्र यांच्यामध्ये पाण्याने भरलेले काचेचे भांडे ठेवावे. ते बरीच उष्णता अडवते.

आता मूळ मुद्दा. पानात दोन कामे चालतात. पहिल्यात हरितद्रव्य प्रकाश पकडते, पाण्याचे विघटन होते व ऑक्सिजन मोकळा होतो. (घरी हिंदी माध्यमाची जुनी पुस्तके असतील तर त्यांत ‘पर्णहरित’ असा शब्द सापडेल, तेच हे.) या कामावर तापमानाचा परिणाम तुलनेने कमी. दुसऱ्या कामात कार्बन डायऑक्साइडपासून शर्करा तयार होते आणि ते विकरांच्या हाती असते. गारव्यात विकर सुस्त असतात. प्रकाश व कार्बन डायऑक्साइड भरपूर असेल तर ठरावीक मर्यादेपर्यंत दर १० अंशांमागे हा वेग साधारण दुप्पट होतो.

‘भरपूर असेल तर’ हे शब्द महत्त्वाचे आहेत. केंब्रिजचे वनस्पतिशास्त्रज्ञ ब्लॅकमन यांनी १९०५ साली मांडले की, ज्या घटकाची टंचाई असते तोच वेग ठरवतो. अंधूक प्रकाशात कितीही ऊब दिली तरी फारसा फरक पडत नाही. त्यांच्या सहकारी गॅब्रिएल मॅथी यांच्या प्रयोगांत आणखी एक बाब आढळली : पान जास्त तापमानात जितका वेळ राहील, तितका त्याचा वेग खाली येत जातो.

असे का व्हावे? कार्बन डायऑक्साइड पकडणाऱ्या विकराचे नाव रुबिस्को. त्याची एक खोड आहे. तो कधीकधी कार्बन डायऑक्साइडऐवजी ऑक्सिजनच पकडून बसतो. मग केलेले काम निस्तरण्यात झाडाची शक्ती जाते आणि हाती आलेला थोडा कार्बनही निसटतो. उष्णता वाढली की ही खोड वाढते. शिवाय रुबिस्कोला कामाला लावणारे जे सहायक प्रथिन आहे ते उष्णतेपुढे लवकर ढेपाळते. कोरड्या उन्हात पाणी वाचवण्यासाठी पर्णरंध्रे मिटतात, म्हणजे कच्चा माल येण्याची वाटच बंद. आणि श्वसन? ते मात्र वाढतच राहते. आवक घटली, खर्च वाढला. शिल्लक काय राहणार हे पालकांना सांगायला नको.

सर्व पिके सारखी नाहीत. गहू, हरभरा, सोयाबीन यांत रुबिस्को असा उघडाच असतो. गव्हाचे काम साधारण २० ते २५ अंशांच्या आसपास उत्तम चालते. मका, ज्वारी, ऊस यांनी वेगळी सोय केली आहे. ती पिके कार्बन डायऑक्साइड आधी दुसऱ्या विकराने पकडतात आणि शिरांभोवतीच्या पेशींत नेऊन रुबिस्कोपुढे दाटीने ठेवतात, त्यामुळे ऑक्सिजनला संधीच मिळत नाही. ऑस्ट्रेलियात हॅच आणि स्लॅक यांनी १९६६ साली उसावर काम करून हा मार्ग उलगडला. म्हणून मका ३० अंशांच्या वरही मजेत वाढतो.

गव्हासाठी नाजूक काळ म्हणजे दाणा चिकात असतानाचा. त्या दिवसांत सर्वांत वरचे पान आणि ओंबी स्वतः जे अन्न तयार करतात, त्यावर दाण्याचे वजन बरेच अवलंबून असते. उष्मा लवकर आला तर दोन बाजूंनी फटका बसतो : अन्न कमी तयार होते, आणि पीक घाईने पिकून दाणा भरायचे दिवसही कमी होतात. दाणा बारीक, आकसलेला राहतो.

मार्च २०२२ मध्ये नेमके हेच झाले. देशातील कमाल तापमानाची सरासरी त्या महिन्यात ३३.१ अंश होती. १९०१ पासूनच्या नोंदींतील तोवरचा तो सर्वांत उष्ण मार्च. केंद्र सरकारचा गव्हाच्या उत्पादनाचा अंदाज फेब्रुवारीत ११.१३ कोटी टन होता, तो मे महिन्यात १०.६४ कोटी टनांवर आणावा लागला. १३ मे रोजी गव्हाच्या निर्यातीवर बंदी आली. त्यामागे युक्रेन युद्धामुळे चढलेले भाव वगैरे इतरही कारणे होती. आपल्या माळव्यात गहू लवकर तयार होतो, त्यामुळे बराचसा माल तोवर कापणीला आला होता. पंजाब-हरियाणात मात्र पीक उभे होते आणि दाणे अजून भरतच होते.