चाललो पाच किलोमीटर. आता लाडू खाऊ का?

टेकडीवर सकाळी चालायला जाणाऱ्या मंडळींचे बोलणे गेल्या काही वर्षांत बदलले आहे, हे आपल्याही ध्यानात आले असेल. पूर्वी बदल्या, मुलींची लग्ने आणि महापालिकेचे पाणी हे विषय असत. आता टेकडी उतरताना जो तो मनगटावरच्या घड्याळात पाहतो आणि आकडा सांगतो. “आज दोनशे ऐंशी!” “आमचे तीनशे दहा!” हे जाळलेले उष्मांक. मग पायथ्याशी इडलीच्या गाडीपाशी त्याच आकड्यांच्या जोरावर बशा भरल्या जातात. तीनशे मिळवले, दोनशेची इडली-चटणी खाल्ली, तरी शंभर शिल्लक. असा हा रोखीचा व्यवहार.

वजन उतरवण्यासाठी मोजून जेवणारा मनुष्य व्यायामही करू लागला, की त्याच्यापुढे हा प्रश्न हटकून उभा राहतो : व्यायामाने जे जाळले ते परत खावे की न खावे? प्रश्न वरवर पोरकट दिसतो. पण आमच्या कुटुंबात दोन माणसांनी त्याची दोन टोकांची उत्तरे काढली, आणि त्यांतले एक उत्तर थेट दवाखान्यापर्यंत गेले. मी मराठीचा प्राध्यापक. आहारशास्त्र हा काही माझा प्रांत नव्हे. पण वाण्याची यादी तपासण्यापुरते गणित मला येते. बाकीचे वाचून आणि डॉक्टरांना विचारून घेतले आहे.

पहिले उत्तर आमच्या मेहुण्याचे. वय पन्नास, बँकेत अधिकारी, वजन सत्तर किलो. उंचीच्या मानाने आठ-दहा किलो जास्तच. त्याने फोनवरच्या एका हिशेबनिसाला आपले वय, उंची, वजन सांगितले. “दिवसभर बसून असता की थोडेफार चालता?” ह्या प्रश्नाला “रोज चालतो” असे प्रामाणिक उत्तर दिले. यंत्राने सांगितले : दिवसाला १६०० उष्मांक खा. त्या दिवसापासून तो १६०० खातो, शिवाय टेकडीचे ३०० वेगळे खातो. तीन महिन्यांत वजन किलोभरही हलले नाही. “भावोजी, माझी प्रकृतीच स्थूल,” असे म्हणून त्याने सगळा दोष वाडवडिलांवर टाकला.

वाडवडिलांचा ह्यात फारसा संबंध नाही. त्याच्या वयाच्या, त्याच्या वजनाच्या आणि खुर्चीत बसून काम करणाऱ्या माणसाला दिवसाला अदमासे १८०० उष्मांक लागतात. रोज टेकडी केली तर सुमारे २०००. यंत्राने ह्या २००० मधून ४०० वजा करून १६०० सांगितले. म्हणजे टेकडी त्या आकड्यात आधीच जमा धरलेली होती! तिचे पुन्हा ३०० खाणे म्हणजे एकाच पावतीवर दोनदा पैसे उचलणे. बँकेतल्या माणसाला हे कळू नये, ह्याची मला गंमत वाटली. पण पोटाचा मामला आला की भले भले हिशेबनीस गडबडतात.

दुसरी गोम त्या ३०० मध्येच आहे. सत्तर किलोंचा मनुष्य सपाटीवर तासाभरात पाच किलोमीटर चालला, तर त्या तासात त्याचे २४५ च्या आसपास उष्मांक खर्च होतात. पण तोच तास तो घरी आरामखुर्चीत पेपर वाचत बसला असता, तरी काळीज चालले असते, श्वास चालला असता, अंग ऊबदार राहिले असते. त्यासाठी सत्तरेक गेलेच असते, आणि ते १८०० मध्ये मोजलेले आहेत. चालण्याची खरी कमाई म्हणायची तर पावणेदोनशे. घड्याळ बहुधा सबंध तासाचा आकडा दाखवते.

आता लाडू. चाळीस ग्रॅमचा एक बेसनाचा लाडू घ्या. त्यात सोळा ग्रॅम बेसन, चौदा ग्रॅम साखर आणि दहा ग्रॅम तूप धरले, तर बेसनाचे ५५-६०, साखरेचे ५५ आणि तुपाचे एकट्याचे ९०. झाले दोनशे! अख्खी टेकडी एका लाडवात मावली आणि लाडूच वरचढ ठरला. आवळा देऊन कोहळा काढणे म्हणतात ते हेच.

आणि घड्याळ तरी कितपत खरे बोलते? अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठात २०१७ साली साठ माणसांच्या मनगटांवर सात प्रकारची यंत्रे बांधून तपासणी झाली. नाडीचे ठोके बहुतेक यंत्रांनी ठीक मोजले. उष्मांकांत मात्र सगळ्यांत बरे यंत्र सरासरी २७ टक्क्यांनी चुकले आणि सगळ्यांत वाईट ९३ टक्क्यांनी. त्यानंतर नवी यंत्रे आली आहेत. पण मनगटावरून अंगातली शेगडी मोजणे ही गोष्टच अवघड.

ती शेगडी नीट मोजायची तर काय करावे लागते, हे अमेरिकेतल्या ॲटवॉटर नावाच्या प्राध्यापकाने शतकापूर्वी दाखवले. १८९० नंतरच्या दशकात त्याने रोझा ह्या पदार्थवैज्ञानिकाच्या मदतीने एक बंदिस्त खोली बांधली. खोली कसली, मोठे कपाटच! त्यात एक मनुष्य कित्येक दिवस राही, जेवी, झोपे आणि जागच्या जागी सायकल मारी. त्याने घेतलेला प्राणवायू, सोडलेला श्वास, अंगातून निघालेली उष्णता, सारे मोजले जाई. अन्नाच्या पुडक्यांवर पिठाचे-साखरेचे ग्रॅममागे चार आणि तुपातेलाचे नऊ उष्मांक धरतात, ते मूळ त्याच्याच कामातले. आपल्या भाषेने त्या मापाला ‘उष्मांक’ हा शब्द दिला, तो मला फार आवडतो. उष्म्याचा अंक! इतका स्वच्छ शब्द असताना वर्गातली मुले ‘कॅल्स’ म्हणतात, ह्याचे वाईट वाटते, असो.

हिशेबात आणखी एक तिसरा भागीदार असतो, तो म्हणजे शरीर स्वतः. ते व्यापारी आहे. एका खात्यात खर्च वाढला, की दुसऱ्यात काटकसर करते. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी पाहणीत चारशेहून अधिक स्थूल प्रौढ स्त्रियांना सहा महिने कमी, मध्यम आणि जास्त अशा मापांनी व्यायाम दिला. सर्वांत जास्त व्यायाम करणाऱ्यांचे वजन गणिताने उतरायला हवे होते त्याच्या निम्मेच उतरले. टांझानियातले हाद्झा लोक शिकारीवर आणि कंदमुळांवर राहतात. त्यांचे पुरुष रोज दहा-अकरा किलोमीटर चालतात. २०१२ साली हर्मन पाँट्झर आणि त्याच्या सहकाऱ्यांनी त्यांचा दिवसाचा एकूण खर्च मोजला, तर अंगाच्या आकारमानाचा फरक वजा जाता तो खुर्चीत बसणाऱ्या पाश्चात्त्यांइतकाच निघाला. ह्यावर शास्त्रज्ञांत अजून वाद आहे. पण घड्याळातला आकडा म्हणजे खिशात पडलेली रोकड नव्हे, एवढे खरे.

“मग चालायचे तरी कशाला?” असे मेहुण्याने तावातावाने विचारले. त्याचे उत्तर १९५६ साली आपल्याच देशात मिळाले आहे. झाँ मेयर ह्या संशोधकाने आणि त्याच्या भारतीय सहकाऱ्यांनी पश्चिम बंगालमधल्या एका ताग गिरणीतल्या २१३ माणसांचा आहार आणि वजने तपासली. दुकानात बसून राहणारे होते, देखरेख करणारे होते, कारकून होते, विणकर होते, ओझी वाहणारेही होते. अंगमेहनत करणाऱ्यांत जसे काम वाढे तसे खाणे वाढे, आणि वजन जागच्या जागी राही. बैठे लोक मात्र काम नसूनही हलके काम करणाऱ्यांपेक्षा जास्त खात, आणि सर्वांत वजनदारही तेच. म्हणजे हालचाल एका मर्यादेखाली गेली, की भुकेचा काटाच बिघडतो. चालण्याने तो काटा ताळ्यावर येतो. शिवाय साखर, रक्तदाब आणि झोप ह्यांना चालणे मानवते, ते वेगळेच.

इथवर वाचून कुणी म्हणेल, मग ठरले. व्यायामाचे काही परत खायचेच नाही. नेमके हेच दुसरे उत्तर, आणि ते माझ्या भाचीने काढले.

मुलगी एकोणीस वर्षांची, वजन बावन्न किलो. मुळात तिला वजन उतरवायचे कारणच नव्हते. पण मैत्रिणींबरोबर तिने अर्ध्या मॅरेथॉनची तयारी धरली आणि कुठेसे वाचून दिवसाला १२०० उष्मांकांचा नेम केला. रोज दहा किलोमीटर धावायची. धावताना किलोमागे, किलोमीटरमागे साधारण एक उष्मांक लागतो. म्हणजे तिचे ५२० धावण्यातच जायचे. राहिले ६८०. नुसते अंथरुणावर पडून राहण्यालाच तिच्या शरीराला १२०० ते १३०० लागतात. उरलेल्या निम्म्यात त्या पोरीने हाडे, रक्त, मेंदू, अभ्यास आणि हसणे हे सगळे भागवायचे होते. बहीण जेवायला बोलावी तेव्हा ती म्हणे, “आई, जाळलेले परत खाल्ले तर जाळून काय उपयोग?”

प्रथम हसणे गेले. मग मे महिन्यात तिला थंडी वाजू लागली. केस गळू लागले. चार महिने तिचा महिन्याचा नेम चुकला होता, आणि ती ते कुणाला सांगत नव्हती. उलट कटकट गेली म्हणून बरे मानत होती. शेवटी नडगीचे दुखणे थांबेना म्हणून तपासले, तर हाडाला बारीक चीर. पडणे नाही, झडणे नाही; नुसती धावून! डॉक्टरीणबाईंनी पायाच्या चित्राकडे थोडा वेळ पाहिले आणि आधी जेवणाचीच चौकशी केली.

खाणे आणि खर्च ह्यांत मोठी तूट दीर्घकाळ राहिली, की शरीर आधी पाळी, हाडे आणि उष्णता ह्या खात्यांना कात्री लावते. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीच्या तज्ज्ञांनी २०१४ साली ह्या अवस्थेला स्वतंत्र नाव दिले आणि ती पुरुषांतही आढळते हे बजावले. त्याआधी १९४४-४५ साली मिनेसोटा विद्यापीठात अॅन्सेल कीज ह्यांनी छत्तीस धडधाकट तरुणांना सहा महिने दिवसाला सुमारे १६०० उष्मांकांवर ठेवले होते, आणि आठवड्याला बावीस मैल चालायला लावले होते. त्यांना सतत थंडी वाजे, ते चिडचिडे झाले, आणि काहीजण पाकशास्त्राची पुस्तके वाचत बसू लागले. भाचीच्या उशाखालीही बहिणीला पाककृतींची कात्रणे सापडली होती.

तेव्हा एकच नियम दोघांना लावता येत नाही. खाण्याचा आकडा कसा काढला, हे आधी पाहावे. त्यात व्यायाम धरलेला असेल तर वेगळे काही खाऊ नये. बैठे जीवन धरून आकडा काढला असेल, व्यायाम हलका असेल आणि वजन उतरवायचे असेल, तर घड्याळ जे दाखवते त्याच्या निम्म्यापर्यंत खावे. तेही भूक लागली तर. निम्मेच का, ते वरच्या पावणेदोनशेवरून आणि यंत्राच्या चुकांवरून ध्यानात येईल. लांब धावणारे, तासन्‌तास पोहणारे, वाढीच्या वयातली मुले ह्यांनी मात्र पुरते परत खाल्लेच पाहिजे. इन्सुलिन घेणाऱ्या मधुमेह्यांची गोष्ट निराळी : व्यायामाने त्यांची साखर एकाएकी खाली उतरू शकते; त्यांनी केव्हा आणि किती खावे हे डॉक्टरांनीच सांगावे. शंका असेल तर महिनाभर काटा पाहावा. एक-दोन दिवसांच्या वजनावर जाऊ नये. ते पाण्याने आणि मिठानेही हलते.

मेहुण्याने इडलीची गाडी सोडली आहे. पण घड्याळ सोडलेले नाही. दिवाळीच्या चार दिवसांसाठी त्याने लाडवांचा वेगळा ठराव मांडला होता. आमच्या सौभाग्यवतींनी भावाची बाजू घेतल्यामुळे तो एकमताने मंजूर झाला.

भाचीला दोन महिने धावणे बंद होते. ती आता धावण्याआधी एक केळे खाते आणि परत आल्यावर दूध, दोन पोळ्या, उसळ आणि भात. मग कॉलेजात जाते. पाळी पुन्हा सुरू झाली आहे. नडगीच्या नव्या चित्रात चीर सांधलेली दिसते. यंदा डॉक्टरीणबाईंनी पाच किलोमीटरच्या शर्यतीपुरतीच परवानगी दिली आहे, आणि ती त्यांच्याशी दहासाठी भांडते आहे.