दूषित जागा पुन्हां वापरांत कशी आणावी

शहर वाढूं लागलें कीं मोकळ्या जागेचा भाव सोन्याच्या भावाशीं स्पर्धा करूं लागतो. मग जिच्याकडे कालपर्यंत कोणी ढुंकूनहि पाहत नव्हतें अशी जुन्या कारखान्याची, बंद पडलेल्या पेट्रोल पंपाची किंवा कचरा डेपोची जागाहि गिऱ्हाइकांच्या नजरेंत भरते. वरून ती सपाट दिसते, तिच्यावर गवतहि उगवलेलें असतें; परंतु तिच्या पोटांत काय आहे हें नुसत्या डोळ्यांना कळत नाहीं. घर बांधून त्यांत लेकरेंबाळें राहावयास आल्यावर हा प्रश्न विचारून फारसा उपयोग नसतो. तो आधींच विचारावयाचा असतो.

तो वेळीं न विचारल्याचें जगप्रसिद्ध उदाहरण म्हणजे अमेरिकेंतील नायगारा धबधब्याजवळची लव्ह कॅनाल ही वसाहत. तेथील एका अर्धवट खोदलेल्या कालव्यांत १९४२ पासून १९५३ पर्यंत सुमारें २१ हजार टन रासायनिक कचरा पुरण्यांत आला. पुढें ती जागा मातीनें झांकून अवघ्या एका डॉलरला शाळामंडळास देण्यांत आली. खरेदीखतांत खालच्या रसायनांचा उल्लेख होता. तरीहि तेथें शाळा निघाली आणि भोंवतीं घरें उठलीं. कालांतरानें तीं द्रव्यें घरांच्या तळघरांत झिरपूं लागलीं. १९७८ सालीं राष्ट्राध्यक्ष कार्टर यांनीं आणीबाणी जाहीर केली आणि शेंकडों कुटुंबांना बिऱ्हाडें हलवावीं लागलीं. अशा जागांच्या शुद्धीकरणाचा १९८० सालचा अमेरिकन कायदा मुख्यतः याच अनुभवांतून निघाला. कागदावरची सूचना जमीन शुद्ध करीत नाहीं, हा त्यांतील धडा होय.

मग परीक्षा करावयाची ती कशी? वैद्य नाडी पाहण्यापूर्वीं रोग्याची हकीगत विचारतो, त्याचप्रमाणें येथेंहि पहिली पायरी इतिहासाची असते. जुने नकाशे, सात-बाराचे उतारे, कारखान्याचे परवाने आणि शेजारच्या वृद्ध रहिवाशांच्या आठवणी यांवरून त्या जागीं पूर्वीं काय चाललें होतें, टाक्या कोठें पुरल्या होत्या, सांडपाणी कोणीकडे सोडलें जाई, याचा अदमास बांधतां येतो. दुसरी पायरी प्रत्यक्ष तपासणीची. संशयित ठिकाणीं भोंकें पाडून निरनिराळ्या खोलींवरची माती, भूजल आणि मातींतील वायु यांचे नमुने प्रयोगशाळेंत पाठवितात. तिसरी पायरी विचाराची. विषाचा उगम, त्याची वाट आणि तें ज्याच्यापर्यंत पोंचतें तो जीव, अशा तीन कड्यांची ही सांखळी असते. तिन्ही कड्या जुळल्या तरच अपाय संभवतो. म्हणून कोणती कडी तोडणें सोपें व टिकाऊ, हें ठरवावें लागतें. दूषित माती खणून सुरक्षित ठिकाणीं नेली तर उगमच तुटतो. पाणी न झिरपणारें आच्छादन घातलें किंवा भूजल उपसून शुद्ध केलें तर वाट तुटते. आणि जागेचा उपयोगच बदलला तर जीव व विष यांची गांठ टळते.

कचऱ्याच्या जागेंत आणखी दोन अडचणी असतात. गाडलेला कचरा वर्षानुवर्षें कुजत राहून मिथेन वायु सोडतो. हवेंत त्याचें प्रमाण शेंकडा ५ ते १५ झालें कीं ठिणगीसरशीं स्फोट होऊं शकतो. शिवाय कचरा जसजसा कुजतो तसतशी जमीन खचते आणि तिच्यावरील बांधकामाला तडे जातात. मुंबईंत मालाड येथील एका जुन्या कचराभूमीवर कार्यालयें उभीं राहिल्यानंतर तेथील संगणक व इतर यंत्रें वायूनें गंजूं लागल्याच्या तक्रारी वृत्तपत्रांतून प्रसिद्ध झाल्या होत्या.

उलट, धारावीलगत मिठी नदीच्या कांठीं जें घडलें तें मनाला समाधान देणारें आहे. तेथील सुमारें ३७ एकर जागेंत पूर्वीं शहराचा कचरा पडत असे. तो बंद झाल्यावर तेथें माती पसरून झाडें लावण्याचें काम सुरू झालें. १९८३ सालीं पक्षिशास्त्रज्ञ डॉ. सलीम अली यांच्या हस्तें पहिलें रोप लागलें, आणि १९९४ सालीं महाराष्ट्र निसर्ग उद्यान लोकांसाठीं खुलें झालें. आज तेथें दाट झाडी आहे, फुलपांखरें व पक्षी आहेत, पावसाचें पाणी सांठविणारें तळें आहे. जमिनीच्या प्रकृतीला मानवेल असाच उपयोग येथें झाला. थोडें खचलें तरी झाड तें सोसतें. भिंत सोसत नाहीं.

भारतांत या विषयाला स्वतंत्र नियम मिळाले ते २०२५ सालच्या जुलैंत. त्यांप्रमाणें जिल्हा प्रशासनानें संशयित जागांची माहिती कळवावयाची, तज्ज्ञांनीं त्या तपासावयाच्या आणि ज्यानें दूषण केलें त्यानेंच शुद्धीकरणाचा खर्च सोसावयाचा, असें ठरलें. नियम निघाले त्या वेळीं देशांत अशा १०३ जागा नोंदल्या गेल्या होत्या. पैकीं फक्त ७ ठिकाणीं काम सुरू झालेलें होतें.

हा प्रश्न केवळ महानगरांचाच आहे असें मात्र नव्हे. गोंदिया जिल्ह्यांतील सडक अर्जुनी हें नांवाप्रमाणेंच सडकेवरचें गांव. मुंबईहून कलकत्त्याकडे जाणारा महामार्ग तेथून जातो, आणि आतां तेथें नगरपंचायतहि आहे. महामार्गावरच्या अशा कोणत्याहि गांवीं इंधनाच्या टाक्या, मोटारदुरुस्तीचे कारखाने आणि गांवाबाहेरचा उकिरडा या गोष्टी असावयाच्याच. गांव वाढतें तसतसा कालचा गांवाबाहेरचा उकिरडा उद्यां भरवस्तींत येतो. जमिनींत गळलेलें तेल किंवा उकिरड्याचें काळें पाणी हळूहळू भूजलांत उतरतें, आणि जेथें विहिरीचें व हातपंपाचें पाणी प्यालें जातें तेथें त्याची झळ थेट घरांत पोंचते.

म्हणून भूखंड घेणाऱ्यानें सात-बारावर मालकाचें नांव पाहून थांबूं नये. येथें पूर्वीं काय होतें, भराव कशाचा आहे, विहिरीचें पाणी तपासलें आहे काय, हे तीन प्रश्न विचारावे आणि उत्तर लेखी घ्यावें. शंका असल्यास परीक्षेचा खर्च करावा. घराच्या किंमतीच्या मानानें तो थोडाच असतो. नगरपंचायतींनींहि जुन्या टाक्यांची व उकिरड्यांची नोंद आजच नकाशावर करून ठेवावी. ज्यांना त्या जागा ठाऊक आहेत तीं माणसें अजून गांवांत आहेत. त्यांच्या आठवणी कागदावर उतरल्या, तर पुढच्या पिढीला त्या जमिनीवर निर्धास्तपणें घर बांधतां येईल.