आईच्या वेळेचं रेकॉर्डिंग

१९८७ साली मामा मस्कतहून व्हीसीआर घेऊन आला, ती आमच्या डोंबिवलीच्या चाळीत मोठी बातमी होती. बाकीच्यांच्या डोळ्यांसमोर भाड्याने आणायचे सिनेमे होते. आईने मात्र पहिल्याच दिवशी विचारलं, "यावर रविवारचं रामायण धरून ठेवता येईल का रे?" रविवारी सकाळी सगळी चाळ टीव्हीसमोर बसायची आणि आई ओट्याशी. पाणी भरायची, स्वयंपाकाची वेळ नेमकी तीच. तिने ती मालिका ऐकली जास्त, पाहिली कमी.

व्हीसीआरचा टायमर लावणं जिकिरीचं होतं. घड्याळ बरोबर हवं, चॅनेल आधी लावलेलं हवं, तीन तासांची ई-१८० कॅसेट मागे गुंडाळून ठेवलेली हवी. मधेच वीज गेली की घड्याळ बारावर येऊन लुकलुकायचं आणि लावलेलं सगळं पुसलं जायचं. पण जमलं की दुपारी भांडी आवरून आई पाय लांब करून बसायची आणि सकाळचा भाग पहिल्यापासून शेवटपर्यंत पाहायची. कार्यक्रम आपल्या सवडीने पाहण्यासाठी टेप करावा की नाही, यावर अमेरिकेत सोनीच्या बेटामॅक्स या व्हीसीआरविरुद्ध मोठा खटला झाला होता. १९८४ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी प्रेक्षकाच्या बाजूने कौल दिला. आमच्या घरात त्या निकालाचा अर्थ आईच्या त्या दुपारींनी मला समजावला.

मग केबल आली. १९९२ मध्ये झी, १९९९ मध्ये अल्फा मराठी. आठवड्याच्या एका मालिकेच्या जागी रोज संध्याकाळी मालिका आल्या, त्याही ऐन पोळ्यांच्या वेळेला. कॅसेटी पुरेनात. त्याच १९९९ साली अमेरिकेत टिव्हो आणि रिप्लेटीव्ही ही यंत्रं बाजारात आली. ती कॅसेटऐवजी हार्ड डिस्कवर रेकॉर्ड करत आणि चालू कार्यक्रमही थांबवून ठेवत. आपल्याकडे ही सोय प्रामुख्याने डिशवाल्यांनी आणली. टाटा स्काय प्लस २००८ मध्ये आलं. आम्ही केबलवरच राहिलो. मुसळधार पावसात डिशचा सिग्नल जातो, आणि केबलवाला गल्लीतलाच होता, हाक मारली की यायचा.

केबलच्या सक्तीच्या डिजिटायझेशनच्या दुसऱ्या टप्प्यात ३८ शहरं होती, त्यांत कल्याण-डोंबिवली होती. ३१ मार्च २०१३ ही मुदत. सेट-टॉप बॉक्स घ्यायचाच होता, तर रेकॉर्डिंगचा घ्यावा असं मी ठरवलं. साध्या बॉक्सपेक्षा पैसे जास्त होते, म्हणून आधी नीट चौकशी केली.

पहिला प्रश्न ट्यूनरचा. दोन ट्यूनर असले तर एक चॅनेल रेकॉर्ड होत असताना दुसरं पाहता येतं. आमच्या बॉक्सला एकच होता. पण केबलवर एकाच फ्रिक्वेन्सीवर दहा-बारा चॅनेल एकत्र येतात, त्यामुळे त्या गटातलं दुसरं चॅनेल तेवढ्या वेळात लागायचं. कोणती चॅनेल एका गटात आहेत याची यादी मी लावून बघत बघत केली आणि टीव्हीच्या कपाटाला आतून चिकटवली.

दुसरा प्रश्न साठवणीचा. बॉक्सच्या मागे यूएसबीची खाच होती. पेन ड्राइव्ह लावला तर चित्र अडखळायचं. ५०० जीबीची पोर्टेबल डिस्क लावली तर ती नुसती टिकटिक करायची, फिरायची नाही. त्या खाचेतून जेमतेम ५०० मिलिअँपिअर वीज मिळते, तेवढ्यात डिस्क उठत नव्हती. स्वतःचा अ‍ॅडॅप्टर असलेला हब मधे जोडला आणि ती सुरू झाली. साध्या चॅनेलचा प्रवाह सेकंदाला दोन मेगाबिट धरला तर तासाला सुमारे ०.९ जीबी होतात. म्हणजे डिस्कवर पाचशेहून जास्त तास मावणार होते. आईच्या मालिकांना ते उदंड होते.

तिसरी अडचण भिंतीवरच्या बटणाची होती. झोपताना सगळी बटणं बंद करायची आईची आयुष्यभराची सवय, आणि वीज नसेल तर बॉक्सला रेकॉर्डिंगची वेळ कळणार कशी? बटणावर चिकटपट्टी लावून मी लिहिलं, 'हे चालू राहू दे.' मालिका वेळेच्या थोडी पुढेमागे होते, म्हणून रेकॉर्डिंग पाच मिनिटं आधी सुरू आणि दहा मिनिटं उशिरा बंद होईल असं लावलं. त्या रात्री नऊ वाजता, सगळं आवरून, आईने साडेसातची मालिका लावली.

त्या बॉक्सने एक घावही दिला. पाडव्याच्या शोभायात्रेत बाबा लेझीम पथकापुढे चालत होते, ते स्थानिक केबल चॅनेलवर दाखवलं आणि मी ते जपून ठेवलं. पुढे एका पावसाळ्यात वीज कडाडली आणि बॉक्स जळला. कंपनीने नवीन दिला. जुन्या डिस्कवरची नावं त्यात दिसत होती, पण एकही उघडेना. रेकॉर्डिंग कुलूपबंद असतं आणि किल्ली त्या एकाच बॉक्समध्ये असते, हे मला तेव्हा कळलं. बाबा तोवर गेले होते. १९८८ ची कॅसेट, कडेला बुरशी धरलेली, साफ करून आजही लागते. ती डिस्क धडधाकट असून मुकी आहे. म्हणून आता कोणी विचारलं तर मी आवर्जून सांगतो, जे खरोखर जपायचं आहे ते पिवळी-लाल-पांढरी वायर जोडून त्याच दिवशी बाहेर उतरवून घ्या. बॉक्स वेळ सांभाळतो, ठेवा सांभाळत नाही.

२८ मार्च २०२० ला, टाळेबंदीत, दूरदर्शनवर रामायण पुन्हा सुरू झालं. सकाळी नऊला आणि रात्री नऊला. सगळे घरातच होतो. रात्रीच्या भागाला आई पहिल्यांदा समोरच्या खुर्चीत बसली, रिमोट तिच्या मांडीवर. मधेच दूध उतू जाण्याचा आवाज आला. तिने बटण दाबलं, पडद्यावरचं बाण ताणलेलं धनुष्य तसंच राहिलं, आणि ती उठून आत गेली. आम्ही सगळे तिची वाट बघत बसलो.