कोजागिरीचा चंद्र आणि चंद्रावरील पाणी

आश्विन शुद्ध पौर्णिमेच्या मध्यरात्री लक्ष्मी भूतलावर संचार करीत ‘कोण जागे आहे?’ असे विचारते, अशी आपली श्रद्धा आहे. अंगणात दूध आटविले जाते, त्यात चंद्रबिंब पाहून नैवेद्य होतो आणि मग प्रसाद. गतवर्षी केज येथे याच रात्री कीर्तनाच्या पूर्वरंगात मी चंद्राच्या नामांचा विस्तार केला होता. अंकावरील डागामुळे तो शशांक, वनस्पतींचा पोषक म्हणून ओषधीश, आणि रसाचा अधिपती म्हणून सोम. आरती आटोपल्यावर वयाने माझ्याहून थोरले असे एक शेतकरी आबा जवळ आले आणि म्हणाले, “महाराज, चंद्रावर पाणी सापडलं म्हणता. आमच्या बोअरला कधी लागायचं?”

श्रोते हसले, मला मात्र हसू आले नाही. ज्या तालुक्यात धनेगावचे मांजरा धरण आहे, त्याच तालुक्यातील माणसाचा हा प्रश्न होता. हे धरण कोरडे पडले आणि एप्रिल २०१६ मध्ये लातूरकरांसाठी मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, हे आपण विसरलेलो नाही.

चंद्रावर पाणी सापडले ते झऱ्याच्या किंवा विहिरीच्या रूपाने नव्हे. २२ ऑक्टोबर २००८ रोजी निघालेल्या चांद्रयान-१ वरील अमेरिकन उपकरणाने चंद्राच्या मातीत जलांशाच्या खुणा टिपल्या आणि सप्टेंबर २००९ मध्ये ते जगाला कळले. त्यापूर्वी अपोलो यानांनी आणलेल्या ३८२ किलो दगडमातीवरून चंद्र अगदी शुष्क आहे, असाच विद्वानांचा ग्रह होता. पुढे ऑक्टोबर २००९ मध्ये दक्षिण ध्रुवाजवळच्या एका विवरात अमेरिकेने अग्निबाणाचा रिकामा भाग मुद्दाम आदळविला. उडालेल्या मातीत वजनाने सुमारे साडेपाच टक्के पाणी आढळले. चंद्राचा अक्ष अवघा दीड अंश कललेला असल्याने तेथील खोल विवरांच्या तळाशी सूर्यकिरण कधीच पोहोचत नाहीत. शून्याखाली २०० अंशांपर्यंत थंडी असलेल्या त्या अंधारात बर्फ टिकून राहिला आहे.

त्या बर्फाचे मोल पिण्यापुरते नाही. विजेच्या साहाय्याने पाण्याचे विघटन केले की प्राणवायू मिळतो आणि हायड्रोजनही, म्हणजे श्वासही आणि अग्निबाणाचे इंधनही. पृथ्वीवरून प्रत्येक घागर उचलून नेण्यापेक्षा तेथेच ते सिद्ध करावे, असा हा विचार आहे. चंद्रावरील हेलियम-३ या वायूचा बोलबाला मात्र मला अवास्तव वाटतो. सूर्याकडून येऊन मातीत रुतलेला तो अंश अत्यल्प आहे आणि त्यापासून वीज देणारी भट्टी पृथ्वीवर अद्याप उभी राहिलेली नाही.

येथे भाविकांच्या मनात शंका येते, की देवतेला खणावे काय? १९६९ साली माणूस चंद्रावर उतरला तेव्हा मी लहान होतो. संकष्टीला आता अर्घ्य द्यावे की नाही, याची चर्चा घरोघर ऐकल्याचे आठवते. अर्घ्य थांबले नाही. भूमीही देवीच आहे. तरी आपण तिच्यावर नांगर धरतो, पाया खणतो, पण आधी तिची पूजा करतो आणि पाय ठेवल्याची क्षमा मागतो. वराहमिहिराने बृहत्संहितेत भूमिगत जल शोधण्याच्या लक्षणांसाठी स्वतंत्र अध्याय रचला. जमिनीत पाणी शोधणे त्याला अधर्म वाटले नाही. मात्र पुराणांत आजचे सर्व विज्ञान होते असे सांगणाऱ्यांत मी नाही. समुद्रमंथनातून चंद्र निघाल्याची कथा ही कथा म्हणूनच थोर आहे.

खरा पेच मालकीचा आहे. १९६७ च्या आंतरराष्ट्रीय करारान्वये चंद्र कोणत्याही राष्ट्राला आपला म्हणता येत नाही. परंतु खणून काढलेले द्रव्य कोणाचे? अमेरिकेने २०१५ मध्ये कायदा करून ते काढणाऱ्याचे ठरविले. जून २०२३ मध्ये भारताने स्वाक्षरी केलेल्या आर्टेमिस करारातही असे उत्खनन म्हणजे बळकावणे नव्हे, अशीच भूमिका आहे. चीन त्या करारात नाही. त्याने २०२४ च्या जूनमध्ये चंद्राच्या पाठीमागील बाजूची सुमारे दोन किलो माती आणली. आपणही चांद्रयान-४ द्वारे माती आणण्याची योजना मंजूर केली आहे. विहीर सर्वांची आणि पोहरा मात्र एकाचाच, अशी ही व्यवस्था मला अपुरी वाटते.

आबांना मी एवढेच सांगितले, की चंद्रावरचे पाणी आपल्या शिवारात येणार नाही. पण डोळ्यांवर दिसणारे चंद्राचे काळे डाग आणि आपल्या पायाखालचा काळा पाषाण एकाच जातीचे, दोन्ही थिजलेला लाव्हा. १९७२ च्या दुष्काळात आपल्या आयाबहिणी ज्याची खडी फोडीत होत्या, तोच हा दगड. त्याच वर्षाच्या डिसेंबरात अपोलोचे शेवटचे यान चंद्रावर उतरले होते. आबा क्षणभर थांबले आणि म्हणाले, “मग तिथं तरी बोअर जपून घ्या म्हणावं.”

आज मध्यरात्री दक्षिणेकडे तोंड करून पाहावे. चंद्राच्या खालच्या कडेजवळ, २३ ऑगस्ट २०२३ रोजी श्रावण शुद्ध सप्तमीला, आपले विक्रम यान अलगद उतरले. त्या जागेस शिवशक्ती असे नाव दिले आहे. तेथे दोन आठवडे काम करून यान निद्रिस्त झाले, ते तेथेच आहे. साध्या डोळ्यांना ते दिसणार नाही. तरी दूध आटेपर्यंत मुलांना ती जागा बोटाने दाखवावी.